ग्लेनिस, पिल्लू आणि वाटीभर लेंड्या

...आणि म्हणे घाण! अहो, घाण कसली? वाटीभर लेंड्या! कोआलाच्या, ताज्या, निलगिरीचा घमघमाट सुटलेल्या! पण तुम्हाला सांगतो, आमच्या ग्लेनिसला... बायको हो माझी... तिला कोण समजावणार? एक कोआलाची मादी गाडीखाली गेली, तिच्या पोटाच्या पिशवीतलं हे मूठभर पिल्लू प्राणी-आश्रमातल्या एव्हिसबाईंनी आमच्या हवाली केलं, आणि वर मलाच दम, "हे बघ क्लेम, दूध काय कुणीही पाजतं. पाला खायला लागायच्या आधी आई याला स्वतःची मऊ लेंडी भरवते. त्यातले जंतू पोटात गेले की अंगातल्या शिपायांना कळतं, कुणाला घरात घ्यायचं नि कुणाला बडवायचं. आई मेली ना? मग दुसऱ्या मादीच्या लेंड्या पाण्यात कालव नि पाज!"

गेलो आश्रमात! मादी झाडावर, मी खाली वाटी घेऊन... ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय... या वयात! शेवटी पडल्या एकदाच्या, कालवल्या, घरी आणल्या, तर दारातच, "ईऽऽ! माझ्या स्वयंपाकघरात लेंड्या? स्वच्छ म्हणजे स्वच्छ!" आणि वाटी सिंकमध्ये रिकामी!

"अगं, एव्हिसबाई म्हणाल्या..."

"तिच्या चहात केस असतात! तिचं मला सांगू नकोस!"

झालं! बाटली उकळली, पिल्लाचं तोंड जंतुनाशकानं पुसलं, आणि मांजराचं उरलेलं जंतू मारायचं औषध होतं ना, तेही पाजलं... वाया कशाला घालवायचं? स्वच्छ म्हणजे स्वच्छ!

मी पुन्हा वाटी आणली, गॅरेजमध्ये लपून बसलो. पिल्लानं दोन्ही हातांनी चमचा धरला हो... आणि मागे ग्लेनिस! चमचा कचऱ्यात, पिल्लू अंघोळीला!

मग तोंडात पांढरी बुरशी, जुलाब. एव्हिसबाई आल्या, बघून म्हणाल्या, "याच्या शिपायांना काही शिकूच दिलं नाहीत तुम्ही."

ग्लेनिस म्हणते, "म्हणजे अजून नीट पुसायला हवं होतं?"

सकाळी गेलं. माझा शर्ट घट्ट धरून गेलं. फार वाईट वाटलं हो. ग्लेनिसही रडली, नाही असं नाही... रडली, नाक पुसलं, रुमाल उकळायला टाकला आणि म्हणाली, "निदान स्वच्छ गेलं."

मागच्या अंगणात खड्डा खणायला घेतला, तर खिडकीतून हाक, "अरे क्लेम, हातमोजे घाल, मातीत जंतू असतात!"

घातले.