रुमालावरचं नाव

हॅलो?… व्हय, मुक्ताबाईच बोलतीया. कोन, बजा? आगं जरा मोठ्यानं बोल की, सांगोल्याहून आवाजच येत न्हाय… व्हय, संगप्पांच्या दुकानातनं. त्यांनीच हाक मारली, बहिनीचा फोन हाय म्हनून.

बरी हाय की. प्रभा बी बरी. मशीनवर बसलीया. समोरच खोली, खडखड हितवर येतीया… न्हाय, शिवत न्हाय. रुखवताचे अभ्रे भरतीया. मशीनचा पाय काढून ठेवती, कापड रिंगीत ताणती, आन नुसतं हातानं फिरवती. मोर काय, येल काय! आज ह्या अभ्र्यावर व्हनाऱ्या जावयाचं नाव घेतलंय भरायला. हिंदुराव. लाल रेशमानं…

व्हय, व्हय… ऐकते गं, आदी माजं ऐक. साखरपुड्याला तू चार दिस…

काय?

कोन न्हाय म्हनलं? त्यांची आई?… आगं, पसंत म्हनून गेल्या की हितनं. मग?

रुमाल?… कसला रुमाल?

व्हय. त्यांच्याकडं धाडलेल्या लाडवाच्या डब्यात एक हुता. कोपऱ्यात पोराचं नाव, भवती गुलाब. त्याचं काय?

…पोरीनं चोरून धाडला? लई पुढची हाय? आसं म्हनल्या त्या? माज्या प्रभाला?

बजा, त्यो मी घातला गं. मी. पोरीला ठावंच न्हाय. रुखवतातला उचलला, आन लाडवांवर ठिवला… का म्हंजी? तूच हुतीस की बसलेली. भरत बघून त्या काय म्हनल्या? इतकं सारखं हातनं कसं हुईल, विकत आनलं आसंल. मला झोंबलं ते. म्हनलं, मोर बाजारात मिळंल, त्यांच्या पोराचं नाव कुटं मिळतंय? करायला गेले एक…

सांग की त्यांना. आत्ता जा. न्हायतर मीच येते सकाळच्या यष्टीनं, पाया पडते… का?

कवा?… करकंबची पोरगी? तिला कुंकू बी लावलं?

बरं.

न्हाय गं, रडत न्हाय. संगप्पा हायत हितं.

उसवायचं? आगं, मशीनचं भरत ते. धागा निघंल, भोकं कुटं जात्यात? भोकातनं बी नाव वाचता येतं. अभ्रे, चादरी, सगळ्यावर त्यांचंच… आन सारी पेठ बघून गेलीया. दुसरं कोन ईल आता?

कोन, आपरेटरबाई? वेळ झाली? थांबा की वो बाई, तोडू नगा, जरासंच… बजा, त्यो रुमाल तेवढा मागून घे. दुसरीच्या घरात नगं. ऐकतीस न्हवं?

…थांब. मशीन थांबलं.

झालं वाटतं नाव भरून. इकडंच येतीया गं, अभ्रा घेऊन. हसतीया… बजा, काय सांगू मी हिला? बजा?… हॅलो?… हॅलो?