प्रागमधला डावा बूट

ह्यांना जरा प्रागबद्दल विचारा. बघा, लगेच पेपर तोंडासमोर धरला! आता मीच सांगते.

आमी परभणीहून लेकीकडं प्रागला गेलतो. तिनं एक जुनं, लय मोठं चर्च दाखवायला नेलं. लोक बूट घालूनच आत जायलेत, पण आमचे हे दारातच थांबले. ‘देवाच्या घरात बूट? मला न्हाई जमणार.’

काढले. लेकीनंच घेऊन दिलेले, कोरे करकरीत. उजवा दाराशी ठेवला आन् डावा पार तिकडं खांबामागं.

लेक म्हणली, ‘बाबा, इथं कुणी चोरत नाही हो.’

‘तुला काय माहीत? देवळातल्या सप्ताहात माझे दोन जोड गेलेत. एकटा बूट कुणी नेत न्हाई.’

बाहेर येऊन बघतो तर डावा गायब! ह्यांना तर आनंदच झाला. ‘बघ! चोर सगळीकडंच हायेत.’

चोर कसला? कुणाचा तरी बूट हरवला, असं समजून दारावरच्या बाईनं तो नदीपलीकडं हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत जमा करायला पाठवलेला. मग तिथल्या जगप्रसिद्ध पुलावरून हे निघाले, एका पायात बूट आन् एका पायात मोजा. लोक पुलावरचे पुतळे सोडून ह्यांचेच फोटो काढायलेत!

बूट कचेरीत जसाच्या तसा मिळाला. तवापासून ह्यांचा माणसांवर लय विश्वास बसला. परवा इथं कीर्तनाला गेले, तर दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. घरी आले ते अनवाणी.

मी नुसतं विचारलं, ‘प्रागला फोन लावू का? तिथं जमा असतील.’