भिंतीपलीकडचा माग

दि. १२ फेब्रुवारी १९७४

माझे नाव रेवणसिद्ध बसलिंगप्पा हत्तुरे, वय ३८, व्यवसाय महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन, राहणार भवानी पेठ, सोलापूर. आज पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी आई गौरम्मा, वय ६५, असे दोघे राहतो. आई पूर्वी कापड गिरणीत सुताच्या कांड्या भरीत असे. तेथील आवाजाने तिला आता अजिबात ऐकू येत नाही. वडील त्याच गिरणीत मागावर होते. ते हयात नाहीत.

शेजारी चन्नप्पा बिराजदार हे गिरणीच्या मागखात्यात रात्रपाळीचे कामगार असून दिवसा झोपतात. मी घरात विनापरवाना यंत्रमाग बसवला आहे, अशी त्यांची तक्रार आहे. काल ते दारात येऊन म्हणाले, "मास्तर, माग बसवलाव आन शेजाऱ्याला पत्ता न्हाय! डोळा लागला की ठकठक. पाळी चुकली म्हणून मी दचकून उठतोय की!"

त्यानंतर हवालदारांनी घराची झडती घेतली. माग मिळाला नाही. रेकॉर्ड प्लेअर, मी स्वतः बनवलेला लाकडी स्पीकर आणि त्यावर तळहात ठेवून बसलेली आई, एवढेच मिळाले. पैकी पहिल्या दोन वस्तू चौकशीसाठी ठाण्यात आणल्या.

एकच रेकॉर्ड रोज का, असे साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, ती बीटल्स या इंग्लंडमधील चौघांच्या वाद्यवृंदाची आहे. हा वृंद आता फुटला असला तरी सर्वश्रेष्ठ तोच, असे माझे विचारपूर्वक बनलेले मत आहे. चौघेही गातात आणि एकाचा गळा दुसऱ्याला झाकत नाही. बेस गिटार नुसता ठेका धरत नाही, खाली स्वतःची वेगळी चाल गात असतो. साहेबांनी एकदा केवळ तेवढाच ऐकून पाहावा. ढोल वाजवणारा तर स्वतःकडे लक्षच वेधत नाही. गाण्याला जेवढे हवे तेवढेच देतो, घाई करीत नाही. हे फार अवघड आहे. हाच मुद्दा मी माझ्या सहकाऱ्यांना अनेकदा समजावला. त्यांना तो पटला नाही.

आईला मी काहीच समजावले नव्हते. गेल्या दिवाळीत तिने सहज स्पीकरवर हात ठेवला. इतर रेकॉर्डींच्या वेळी ती हात काढून घेई. ही लागली तेव्हा काढला नाही. म्हणाली, "तुझा अप्पा हाय की ह्यो."

मागखात्यात मागांच्या आवाजात बोललेले ऐकू जात नाही. त्यामुळे जाता-येता ती वडिलांच्या चालत्या मागाच्या लाकडावर क्षणभर तळहात ठेवीत असे. त्यांचे बोलणे ते एवढेच, असे तिने मला त्या दिवशी प्रथम सांगितले. तेव्हापासून मी आवाज मोठा ठेवतो. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार मी केला नाही, हे मला मान्य आहे.

काल सायंकाळपासून आई रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसत आहे. म्हणून आज तिला सोबत आणले. जप्तीच्या वस्तूंमधील स्पीकर तिने ओळखला, त्यावर हात ठेवला व मोठ्याने म्हणाली, "बंद हाय. आज सुट्टी हाय व्हय त्याला?"

चन्नप्पा समोर बाकावर बसले होते. मागखात्यातील रीतीप्रमाणे ते आवाज न करता ओठ मोठे हलवून तिच्याशी बोलले. मला ते वाचता येत नाही. विचारल्यावर त्यांनी सांगितले, "उद्यापासनं त्याची बी रातपाळी हाय, मावशी, असं म्हणलं. मी कामावर गेलो की लावा, मास्तर. आन बारीक नगा करू."

त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. दोन्ही वस्तू मला परत मिळाव्यात, ही विनंती.

हा जबाब मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. आईला तो चन्नप्पांनी ओठांनी सांगितला. तिने मान हलवली. तिचा हात अद्याप स्पीकरवर आहे.