बाबांची काळी मिशी अन् सत्तरीचं कार्ड

चहा घ्या, तोपर्यंत सांगतो. सत्तरी झाली की इलाजाचं आयुष्मान कार्ड मिळते. मग घरी शेती किती अन् नोकरीवर कोण, हे कोणी विचारत नाई. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून मी त्यायले अन् आईले पवनारहून वर्ध्याच्या सेवा केंद्रात घेऊन गेलो.

तिथल्या पोरीनं दोघांचे आधार कार्ड पाहिले. म्हणाली, "आजीचं होऊन जाईल. आजोबा अजून सदुसष्टचेच आहेत."

बाबा म्हणाले, "बाई, मी हिच्याहून चार वर्षानं मोठा हावो."

"आधारवर तर आजीच मोठ्या आहेत."

आई शांतपणे म्हणाली, "आधार काढाले गेलते तवा पुतणीच्या लग्नासाठी मिशी काळी केली होती यायनं. वय विचारलं, तर रांगेतल्या सगळ्या बायांसमोर आठ वर्षं कमी सांगितलं."

शाळेचा दाखला आणून आधार दुरुस्त करा, असं पोरीनं सांगितलं अन् आईचं कार्ड तिच्या हातात दिलं.

परत येताना बसमध्ये बाबा म्हणाले, "अवं, पाण्याची बाटली दे."

आईनं कार्ड पिशवीत नीट ठेवलं. "सरकारी कागदावर मी मोठी हावो. आता मले अहो म्हणत जा."

बाबांनी आजूबाजूले पाहिलं अन् हळूच म्हणाले, "अहो, पाणी देता का?"

पुढे दाखला सापडला, बाबांचंही कार्ड झालं, डोळ्याचं ऑपरेशनही झालं. पण पाणी मात्र त्यायले अजून अहो म्हटल्याशिवाय भेटत नाई.