गोराईची रिकामी जागा

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण माझा जन्म बोरिवलीचा, पूर्वेला डोंगराच्या बाजूला एक चाळ होती, आता तिथे टॉवर आहे, त्या चाळीतला. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आई घरात, आम्ही तीन भावंडं आणि त्यात मी मोठा. मोठा म्हणजे वयाने, अकलेने नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला धक्का बसणार नाही.

बारावीला मार्क जेमतेम. कॉलेजात अर्थशास्त्र घ्यायचं म्हणून फॉर्म भरायला गेलो तर त्या खिडकीपुढे रांग पार जिन्यापर्यंत, आणि बाजूच्या खिडकीवर चार जण. ऊन मी म्हणत होतं. मी आपला त्या चार जणांच्या मागे उभा राहिलो, ती भूगोलाची रांग निघाली. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. हसू नका, पुष्कळांचं असंच ठरतं, फक्त ते सांगत नाहीत. घरी सांगितलं तर आई म्हणाली, भूगोल शिकान काय करतलंस रे, पृथ्वी गोल आसा ह्यां आमका चौथीतच सांगल्यानी. वडिलांची गिरणी तेव्हा संपात बंद होती, ते सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या बाकड्यावर बसायचे, जायचं कुठेच नसायचं.

भूगोल मला आवडला मात्र. खोटं कशाला बोलू, आवडला. नकाशे, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, आणि वर्गाबाहेर उन्हातान्हात मोजमापं. एकदा सरांनी तिपाईवरचं होकायंत्र देऊन कॉलेजचं मैदान मोजायला लावलं. मी हुशारी केली, जेवणाचा स्टीलचा डबा कावळे पळवतील म्हणून तिपाईलाच अडकवला. आता लोखंडाच्या कड्या लावलेला डबा होकायंत्राखाली लोंबतोय म्हटल्यावर सुई काय दाखवणार, सुईला डबा दिसणार. माझ्या नकाशात कॉलेजचं कॅन्टीन रेल्वे रुळांच्या पलीकडे गेलं. सर नकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, अरे, चहा प्यायला तिकीट काढावं लागेल ना.

तर असा मी बी. ए. झालो. बँकांच्या परीक्षा दिल्या, बँकांनी मला ओळख दाखवली नाही. मग चाळीतल्या एकांच्या ओळखीने अंधेरीला एका खाजगी सर्व्हेच्या ऑफिसात लागलो. साहेब म्हणाले, वर्षभर काम बघतो, दिवाळीनंतर कायम करतो. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते कायम होणं म्हणजे आमच्याकडे देवासारखं झालेलं. आई रोज विचारायची, झालंस काय कायम? जसा मी भात आहे आणि शिजलो की नाही ते बघतेय.

श्रावणात साहेबांनी गोराईला पाठवलं. कोणाला तरी किनाऱ्याने रस्ता आणि बंगले काढायचे होते, त्यासाठी कुठली जमीन कशी वापरतात त्याचा नकाशा हवा होता. शेती, घरं, माड, रिकामी जागा, प्रत्येकाला वेगळा रंग. मी होडीने खाडी ओलांडली, छत्री एका हातात, फळी दुसऱ्या हातात, दिवसभर चिखलात फिरलो. कोळीवाड्याच्या मागे एक मोठं सपाट मैदान लागलं, गुडघाभर गवत, एक बकरी. चिटपाखरू नाही. मी लिहिलं, रिकामी जागा. पिवळा रंग दिला. चार दिवसांचं काम दोन दिवसांत केलं म्हणून साहेब खूश, मी साहेबांहून खूश.

दिवाळी झाल्यावर त्याच नकाशाप्रमाणे खुंट्या मारून द्यायला मला परत धाडलं. गेलो, आणि काय सांगू तुम्हाला, मला वाटलं मी चुकीच्या गावात उतरलो. त्या मैदानात बांबूच बांबू, बांबूंना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, वाळत घातलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला वलांडी म्हणतात. खाली चटयांवर जवळा पसरलेला. तीस-चाळीस बाया कामात. आणि मध्ये मी, हातात पिवळा नकाशा.

एक वयस्क बाई उठून आली, हिराबाय तिचं नाव, अख्ख्या कोळीवाड्यात तिचा शब्द चाले. म्हणाली, काय रं पोरा, कागदात काय बघतंस, आमची जागा दाव ना. मी दाखवली. म्हणाली, ह्ये काय लिवलंय? मी म्हटलं, रिकामी जागा. ती मागे वळून बायांना म्हणाली, ऐकलंव का गं, आपून हितं नाय. मग माझ्याकडे बघून, मंग ह्ये बोंबील काय आभालातून लोंबतान? मी म्हटलं, मावशी, मी श्रावणात आलो होतो तेव्हा काही नव्हतं. ती म्हणाली, पावसात वलांडी कोन लावते रं? होड्या वर, बांबू घराच्या माल्यावर. तुमच्या बोरिवलीच्या शालंत येवढं बी शिकवत नाय?

शिकवत होते हो. मान्सून, मासेमारीचा हंगाम, सगळं शिकवत होते, मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं. पण उत्तर लिहिणारा मी आणि छत्री घेऊन फिरणारा मी, यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

खुंट्या न मारता परत आलो. साहेबांना म्हटलं, चुकलंय, बदलू या. साहेब म्हणाले, अरे यार, नकाशा गेला पुढे, आता त्याच्यात बोंबील कुठे टांगू? महिनाभर गप्प बस, तुझी ऑर्डर टाइप होतेय.

मी आठवडाच गप्प बसलो. पुढे गप्प न राहण्याची धमक माझ्यात होती असं आता म्हणू शकतो, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती, दोन्हीकडून. मग गोराईहून निरोप आला, गाव तालुक्याच्या कचेरीत हरकत घेतंय, सोबत नकाशा लागतो, आणि नकाशा काढणारा त्यांना एकच माणूस ठाऊक. गेलो कॉलेजात, सरांकडे मोजणीचं सामान मागितलं. सगळं ऐकून सरांनी एवढंच विचारलं, डबा कुठे ठेवणार आहेस?

रविवारी दिवसभर मोजणी केली. हिराबाय पुढे, मी मागे. ही माझी पट्टी, ही अमकीची, हितून तितवर तमकीची, ती बोलत गेली आणि मी काढत गेलो. खाली लिहिलं की आधीची पाहणी मीच पावसात केली होती, ती चुकीची आहे. सही केली. पूर्ण नाव घातलं.

साहेबांना आठ दिवसांत कळलं. ओरडले नाहीत, म्हणाले, आपला नकाशा आपणच खोटा पाडणारा माणूस कायम करून मी काय करू, तूच सांग. घरी आलो, वडिलांना म्हटलं, नोकरी गेली. का गेली तेही सांगितलं. वडिलांनी विचारलं, जागा ऱ्हवली काय त्यांची? म्हटलं, अजून कळलं नाही. मग ते बाकड्यावर जरा सरकले. म्हणाले, कळासर बस हयसर.

कळेपर्यंत दोघं तिथेच बसायचो. जानेवारीत अधिकारी गोराईला आला, नाकाला रुमाल लावून मैदान फिरला, आणि रस्ता कडेने न्यायचं ठरलं. एक बाजू गेली, बाकी मैदान राहिलं. मी पुढे बी. एड. केलं, शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झालो. भूगोलाने मला कुठे नेलं विचाराल तर बोरिवलीहून कांदिवलीला.

पण एक राहिलं. तो रविवार. रविवारी बोरिवलीला मासळीचा धंदा जोरात, निम्म्या बाया टोपल्या घेऊन तिकडे, त्यात हिराबायची जाऊही. म्हणजे मी परत चुकीच्या दिवशी गेलो होतो. हिराबायने आपली पट्टी दाखवताना जावेच्या दोन वलांड्या अलगद आपल्यात घेतल्या, मी काही न कळता मन लावून त्या काढल्या, आणि माझ्या नकाशावर सरकारी शिक्का बसला. दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, शिव्या मात्र दोघींकडून मला.

हिराबाय गेली, जाऊ गेली. वलांड्या आता थोड्याच लागतात, मुलं नोकऱ्यांना गेली, त्यांना दोष नाही. मी हिवाळ्यात एकदा जाऊन येतो. त्या जावेची सून आहे, ती कमरेवर हात ठेवून विचारते, आमच्या दोन वलांड्या खाल्लेले मास्तर ते तुमीच ना? मी म्हणतो, हो बाई, मीच. मग ती कागदात सुके बोंबील बांधून देते, घरी न्यायला. मी घेतो. बरी राहोत सगळी.