सुमनच्या पाठीवरचं ऊन

माझं माहेर टेंभुर्णीकडचं, सासर हितं कुंभारीच्या पुढं, दोन्हीकडं मेंढरंच, त्यामुळं ऊन काय मला नवं नव्हतं, उनातच वाढले की मी. लगीन झालं, पोरगी झाली, कोमल तिचं नाव, ती रांगत हुती त्या उनाळ्यात मी मेंढरांमागं गेले आन् मानंवर, दंडावर, पोटावर ह्या अशा लाल गांधी उठल्या, आग आन् खाज, काय सांगू तुमाला ताई, कातडं सोलून काढावं वाटत हुतं.

सासू म्हनली पित्त उठलंय, घोंगडं आना. आमच्यात पित्तावर हेच औषध, घोंगडं अंगावर घासायचं आन् त्यातच गुंडाळून निजवायचं. आन् आमचं घरच घोंगड्याचं, कमी कशाला पडतंय. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, आन् माझ्यावर घोंगडं. माझे डोळे सुजून मिटले तरी सासू म्हनती, उतरंना व्हय, अजून एक घाला. तवा माझी धाकटी जाऊ सुमन, नवी नवरी, हळद बी उतरली नव्हती तिची, तिनं घोंगडी वढून भाईर फेकली आन् रांजनातलं गार पानी वतलं माझ्या अंगावर. मग जरा जीवात जीव आला.

सुमननं वाचीवलं, समदं गाव म्हनतंय, मी बी म्हनते. पन त्या दिसापासनं माझं समदं तिच्याकडं गेलं, ते कुनी म्हनत न्हाय.

सोलापूरला कातड्याच्या डॉक्टरला दाखीवलं. ते म्हनले बाई, हे उष्णतेचं दुखणं, उनात जाऊ नका, आन् घोंगडं तर लांबच ठेवा. मी म्हनलं डॉक्टर, सोलापुरात ऱ्हाऊन ऊन कुटं टाळू? हसले आन् गोळ्या दिल्या. गोळीनं खाज दबती, मुळातनं जात न्हाय, आन् झोप लई येती.

तवापासनं दिस उगवायच्या आत भाकरी करून मोकळी हुते, चुलीची धग बी सोसत न्हाय. मग दार लावून, मानंवर ओला टावेल टाकून बसायचं. माझी मेंढरं सुमननं घेतली, आन् कोमलला खांद्यावर घेऊन गेली. मालक म्हनायचे, तू कशाला काळजी करतीस, सुमन हाय की. सासू म्हनायची, सुमन हाय की. सांजंला दोघी यायच्या, अंगाला उनाचा वास, हसत हसत, आन् मी दारात उभी. जळायचे मी, खोटं कशाला बोलू. सुमनचं कातडं बघत बसायचे, रापलेलं, तुकतुकीत, एक पुळी न्हाय कधी. कोमलला विहिरीत पवायला तिनं शिकीवलं, मेंढी व्यायला लागली की काय करायचं ते तिनं शिकीवलं. मी काय शिकीवलं पोरीला, तर कांदा चिरायला.

आवंदा कोमलचं लगीन ठरलं, मुहूर्त निघाला भर दुपारचा, दारातच मांडव. मालक म्हनले, कन्यादानाला धाकटा भाऊ आन् सुमन बसतील, तुला सोसायचं न्हाय. मी कोमलकडं बघितलं. ती म्हनली, आई तू आतच बस, काकी हाय की. माझ्या भल्यासाठीच म्हनली, पन मी हटले न्हाय. म्हनलं, मरू दे मला गांधी उठून, मीच बसनार.

बसले. मांडवाचं कापड एका बाजूनं फाटलेलं, तितनं ऊन नेमकं माझ्या मानंवर. पोरीचा हात हातात घेतला आन् अंग पेटलं, भटजी काय म्हनत हुते काय कळंना. आन् एकाएकी मान गार पडली. वळून बघितलं तर मागं सुमन, पदर पसरून, उनाला पाठ देऊन उभी. विधी सरंस्तवर हालली न्हाय. तिच्या सावलीत मी माझ्या पोरीचं कन्यादान केलं.

तवा बी काय वाटलं सांगू? घामानं चोळी भिजली तिची, पन पाठीवर एक गांधी उठली न्हाय. त्येचंच वाईट वाटलं मला.

आता पोरीचा फोन येतो, पयलं इचारती आई गोळी घेतली का, दुसरं इचारती काकी कुटं हाय. मी म्हनते रानात, उनात, आनि कुटं. देव सुमनला लई आयुष्य देवो, माझं बी तिलाच देवो. पन एक दिस, एकच दिस, तिच्या अंगाला अशी खाज सुटू दे. रांजनातलं गार पानी घेऊन मी पळत जाईन की.