प्लायवूडपलीकडची रॅम

नाही, नाही, त्या बाजूनं उघडू नकोस, तिथला स्क्रू हरवलाय — मी नाही हरवला, तो आपला आपण गेला — तू इकडून उघड. आणि जरा हळू बोल. हे मधलं प्लायवूड नुसतं नावाला आहे, पलीकडे धाकटी जाऊ शिंकली की इकडे माझे दोरे हलतात. ऐकलंस? टीं… टीं… टीं. माझं नाही, माझं तू आत्ता बंद केलंस, ते तिचं. काल दुपारपासून दोन्हीकडे हेच भजन चालू आहे. अरे, बंद करता येतं की, एवढं मलाही कळतं! पण ती बंद करत नव्हती म्हणून मीही केलं नाही. तिला वाटायला नको, मोठी जाऊ थकली. आता तू बंद केलंस ते वेगळं, ते मेकॅनिकनं केलं, त्यात माझी हार नाही. हसतोस काय? हात चालव.

तू शेवटचा आलास तेव्हा मामंजी होते ना? मग तुला माहीतच नाही. ते गेले, आणि जाता-जाता दोन्ही लेकांना म्हणाले, “सगळं सारखं वाटून घ्या.” झालं. दुसरं काही म्हणाले असते तर ऐकलं असतं का कुणी? पण हे ऐकलं. अक्षरशः ऐकलं. दुकानाच्या दाराला दोन फळ्या होत्या — एक आम्हाला, एक त्यांना. आता आम्ही अर्धं दार लावतो आणि उरलेल्या अर्ध्यात खुर्ची टाकतो. भिंतीवरचं घड्याळ आमच्या वाट्याला आलं, त्यातला सेल त्यांच्या. मोठी कात्री — तू विश्वास ठेवणार नाहीस — मधला खिळा काढून एक पातं इकडे, एक पातं तिकडे. माझ्या दिरानं काढला खिळा, आणि आमच्या ह्यांनी त्याला पक्कड दिली. कुणी म्हणालं नाही, की बाबा, एका पात्यानं कापणार काय, भोपळा? पंखा बरोबर मधोमध होता, तो तसाच राहिला, पण त्याचं बटण त्यांच्या भिंतीवर गेलं. मग? मग काही नाही. मला उकडलं की मी खोकते, ती लावते. म्हणजे ती माझ्यासाठी नाही लावत हं, तिलाही त्याच वेळी उकडतं. योगायोग.

आणि ते दोघे भाऊ कुठे आहेत माहितीये आत्ता? कोपऱ्यावरच्या बाकावर. एक चहा मागवतात, अर्धा कपात, अर्धा बशीत. तिथं बरोबर वाटणी जमते! वाटणी पुरुषांनी केली आणि निभवायची आम्ही. मी तर ठरवलंय, वाटणी म्हणजे वाटणी. तिच्या बाजूला माझा पायसुद्धा पडायचा नाही. नाही म्हणजे नाही.

बघ, उघडलं ना. धूळ आहे, माहितीये, धूळच तेवढी वाटायची राहिली.

तर हे कम्प्युटर. डबा आम्हाला आला, टीव्हीसारखा तो पडदा त्यांना. आम्ही जुना पडदा आणला, त्यांनी जुना डबा आणला — आतून पार रिकामा, रॅमबिम काही नाही. मग दीर म्हणाला, “वहिनी, तुमच्या डब्यात रॅमच्या पट्ट्या दोन आहेत. एक आमची.” आमचे हे म्हणाले, “बरोबर आहे.” ह्यांना सगळं बरोबरच असतं! मी ओरडले, अरे, ती जोडी आहे, एका पाकिटातनं आलेली, मेकॅनिकनं स्वतः बसवलेली! तूच नाही का म्हणालास? मला अजून लक्षात आहे, तू इथंच उकिडवा बसून सांगत होतास — काकू, ह्या मदरबोर्डावर खाचा चार आहेत, दोन काळ्या, दोन निळ्या, एकाआड एक. दोन्ही पट्ट्या निळ्यातच लावायच्या, मधली काळी रिकामी सोडायची. शेजारी-शेजारी बसवल्या तरी चालेल, पण मग सगळं ओझं एकाच वाटेनं जाणार. निळ्याला निळी लावली की दोन वाटा उघडतात. — मी चौथी शिकलेली बाई, पण हे मला तेव्हाच कळलं. ओल्या धुण्याची बादली एकटीनं उचलली तर कंबर धरते. दोघींनी कडीला दोन बाजूंनी धरली, की गप्पा मारत तीन जिने चढून गच्चीवर. आमची तशीच जायची बादली. असो. मेली ती बादली.

एका पट्टीवर हे भरतकामाचं डिझाइन उघडतच नाही रे. उघडतं, पण इतकं हळू की सुई वाट बघून गंजेल. आणि नेमकी त्यातच ही ऑर्डर — शाळेच्या खेळाच्या सरांची, जर्सीची. वाटणीच्या आधीची आहे, म्हणून तीही वाटली. खिशावरचं चिन्ह आम्ही भरायचं, पाठीवरचं नाव त्यांनी. एकच जर्सी, पोट माझ्याकडे, पाठ तिच्याकडे! आज संध्याकाळी सर न्यायला येणार. नाही दिली तर ते बाजारातल्या मोठ्या कारखान्यात जाणार, तसं तोंडावर सांगून गेलेत. आणि सर गेले की दुसऱ्या शाळा पण जातात, मेंढरांसारख्या एकामागे एक. मग ही अर्धी दुकानं कुणाला दाखवायची? जागेचा मालक तर टपूनच बसलाय, त्याला इथं औषधांचं दुकान काढायचंय. माझी दोन भरतकामाची मशिनं — एक, एकच, दुसरं तिच्याकडे गेलं — माझं मशिन मी कुठं घेऊन जाऊ, स्वयंपाकघरात? म्हणून म्हणते, काहीही कर, पण संध्याकाळच्या आत हे चालू कर.

काय? कुठली दुसरी पट्टी? ती होय. ती मी नवीन आणली. बाजारातून. कुठल्या बाजारातून म्हणजे? बाजार म्हणजे बाजार, चौकशी काय करतोस पोलिसासारखी! दुकानदाराचा चेहरा लक्षात नाही, मिशी होती त्याला. टिंबं? कसली टिंबं? तू स्वतः मार्करनं काढलेली? एकीवर एक टिंब, दुसरीवर दोन… आणि हिच्यावर दोन आहेत. असतील. बाजारातही टिंबं असतात.

बरं. बरं, ऐक. इकडे ये, कानात सांगते. त्यांचीच आहे. चोरी नव्हे, चोरी कशाला म्हणतोस? एका पाकिटातली जोडी, ती परत जोडीला आणली, एवढंच. काल दुपारी बघितलं तर तिच्या चपला दारात नव्हत्या. म्हटलं, दोरा आणायला गेली असणार, तिचा पिवळा संपलेला — मला मशिनच्या आवाजावरनं कळतं, पिवळा संपला की ती थांबते आणि उसासा टाकते. मी काही कान लावून बसत नाही! ऐकू येतं. तर मागच्या बोळातनं गेले, तिच्या टेबलाखाली शिरले, डबा उघडला, दोन्ही बाजूंच्या त्या चिमट्या दाबल्या, पट्टी टुणकन वर आली. पदरात घातली. आणि खाच रिकामी दिसायला लागली ना, मला कसंतरीच झालं. उघड्या खाचेत धूळ जाणार, तिचा डबा खराब होणार. म्हणून डोक्यातला फणीचा तुकडा काढून खोचून ठेवला तिथं. बरोब्बर बसला. काय रे, चोर असं करतो का? चोर असता तर तोंड उघडं टाकून गेला असता.

मग इकडे आले, खाली अंधार, मला दिसत नाही नीट — डोळे गेलेत माझे, सुईचं नाक दिसत नाही, पूर्वी तीच ओवून द्यायची, सकाळी येऊन सगळ्या सुया ओवून ठेवायची, आणि कुणी गिऱ्हाईक तिच्यावर खेकसलं तर मी उठायचे. ती रडूबाई. परवासुद्धा पलीकडे कुणीतरी आवाज चढवला, मी इथनंच, प्लायवूडवरनंच त्याची सालटी काढली. तर ती काय म्हणाली? “ताई, आमच्या गिऱ्हाइकाला बोलू नका.” आमच्या! बघितलंस? — तर अंधारात चाचपडत बघितलं, एक निळी खाच भरलेली लागली हाताला, म्हटलं, ही आपली एक टिंबवाली आहे जाग्यावर. मधली सोडली, आणि पुढच्या निळीत ही दोन टिंबवाली घातली. ‘टक्’ आवाज येईस्तोवर दाबली, तू शिकवलं होतंस तसंच. बटण दाबलं, आणि टीं… टीं. बाईमाणूस पट्टी लावते हे मशिनला सहन झालं नाही, दुसरं काय!

काय काढलंस ते? दाखव. ही? ही रॅम नाही. हा पुठ्ठा आहे.

माझ्या पहिल्या निळ्या खाचेत पुठ्ठा? त्या खाचेत पट्टी नसली की हे मशिन असं टीं टीं करतं, होय?

थांब. थांब, मला धरू दे. शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा. बरोबर खाचेच्या मापाचा कापलेला, दोन्ही टोकांना छान गोलाई दिलेली. आणि ही कड बघ, करवतीसारखी, नागमोडी. ही कड झिगझॅग कात्रीनं येते. झिगझॅग कात्री एकच होती दुकानात, आणि ती — अगं भवाने!

माझी एक टिंबवाली नेलीन् तिनं! आणि वर पुठ्ठा घालून ठेवला, धूळ जायला नको म्हणून! एकाच सासूच्या हाताखालच्या ना आम्ही. अरे, पण कधी? मी तर जागची हलत नाही. कालच काय ती हलले, तेवढीच, तिच्याकडे जायला… आणि तिच्या चपला दारात नव्हत्या, कारण त्या… त्या माझ्या दारात होत्या? मी बोळातनं मागनं गेले आणि ती पुढनं आली? म्हणजे मी तिच्या टेबलाखाली गुडघ्यावर, तेव्हा ती माझ्या टेबलाखाली गुडघ्यावर? पाठीला पाठ लावून, मध्ये हे एवढंसं प्लायवूड?

अरे देवा. मला खुडखुड ऐकू आली होती रे. मी म्हटलं उंदीर. मी ‘शुक् शुक्’ केलं. तर पलीकडनंही ‘शुक् शुक्’ आलं. मी म्हटलं, बाई, काय हुशार उंदीर!

हसू नकोस. यात हसण्यासारखं काही नाही. मग हिशेब काय झाला? माझी पट्टी तिच्याकडे, तिची माझ्याकडे, माझ्या खाचेत तिचा पुठ्ठा, तिच्या खाचेत माझी फणी. वाटणीच्या दिवशी जे होतं तेच, एकेक पट्टी दोघींना, फक्त गुडघे दुखले ते वर. आणि तू… तू असा वर का बघतोस? तिनंही बोलावलंय? तुला? माझ्यानंतर तिकडेच जाणार होतास? आणि मघापासून गप्प बसून माझ्याकडनं सगळं वदवून घेतोस, लबाडा! पट्टी दे इकडे. नाही, नको, राहू दे तिथंच. तिच्याकडे जाऊन तिची काढून आण. ती देणार नाही म्हणतोस? मी तरी कुठं देणार आहे? ही माझी — तिची — ही माझ्याकडे आहे, एवढं खरं. दोन्ही पट्ट्या माझ्याच डब्यात लागल्या पाहिजेत. डबा मूळचा हा, खाचा मूळच्या ह्या. डिझाइन इथं उघडायचं, पेनड्राइव्हवर घालायचं, मग पाठ काय आणि पोट काय, दोन्ही मशिनं चालतील. हे तिला कुणी सांगायचं? मी? मी सांगणार नाही. ती आणि मी त्या वाटणीपासून धड एक शब्द —

ऐक.

ऐक, म्हटलं ना. काय ऐकू येतंय? काहीच नाही. तेच सांगतेय. टीं टीं थांबलं. तिनं बंद केलं.

किती वेळ झाला थांबून? मी केवढ्यानं बोलत होते? सुईचं मी केवढ्यानं बोलले?

अगं, इथं दारात खुर्ची आहे, ती सरकवून ये. अंग चोरून कशाला येतेस, खाणार नाही तुला. नाही, त्याच्याकडे देऊ नकोस, माझ्याकडे दे. मुठीत धरून काय आणलीस, घाम लागलाय तिला. एक टिंब. बरोबर. ही घे, ही तुझी… नको, काढू नको रे ती, निळीतच राहू दे. ही त्या दुसऱ्या निळीत लाव. मधली सोड. जपून, चिमट्या आधी उघड. टक्. झालं? लाव बटण.

आली पाटी पडद्यावर. उघड डिझाइन. अरे… एका झटक्यात!

तू काय उभी आहेस दगडासारखी? सर संध्याकाळी येणार, तुझा पिवळा दोरा आला का? नाही ना, माहीत होतं मला. माझ्या खणात आहे, घे. आणि तिथं सुया पडल्यात. दिसत नाहीत मला, दिसतील तुला.

आणि तू रे मेकॅनिक, ऊठ आता. चहा नाही. झाकण मी लावते, एक स्क्रू कमी तर कमी. नीघ. जर्सी झाल्या की मला हिच्याशी भांडायचंय, सगळं, पहिल्यापासून, तोंडानं, आणि ते परक्या माणसासमोर शोभत नाही. जा म्हटलं ना. जाताना ते अर्धं दार ओढून घे.